फाटकावरच्या वहीत लिहिलेली वेळ

कुनुनुरा,
सोमवार, २ मे १९९४

प्रिय श्री. हॅलोरन,

हे पत्र तुम्ही पूर्ण वाचाल याची मला खात्री नाही, म्हणून कामाचे तेवढे पहिल्याच वाक्यात लिहितो. शनिवार, २१ मे रोजी हार्करच्या धबधब्यांकडे जाण्यासाठी लँटर्न हिल या तुमच्या कुरणाच्या हद्दीतील रस्ता वापरण्याची परवानगी हवी आहे. गाडी एक, माणसे चार: मी, माझी मुलगी लॉरेल, आणि तिच्या मुली टेगन व ब्रायोनी. सकाळी जाऊ, त्याच दिवशी परत येऊ. फाटके ज्या स्थितीत सापडतील त्याच स्थितीत ठेवू. जाळ करणार नाही. कुत्रा आमच्याकडे नाही.

लॉरेल ॲडलेडहून पंधरा दिवसांसाठी येत आहे. दोन वर्षांपूर्वी विनिफ्रेड आपल्या या दोन्ही नातींना त्या धबधब्यांवर घेऊन गेली होती. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती, आणि त्या दिवसाचे तिला जे आठवते त्यातील निम्मे घडलेलेच नाही, परंतु तिला पुन्हा जायचे आहे. दुसऱ्या बाजूने तेथे वाट असती तर मी तुम्हांला तसदी दिली नसती.

आपल्यातील गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गेल्या वर्षी, विनिफ्रेडचे दफन झाल्यावर, तुम्ही मला कबरीपाशी एकच प्रश्न विचारला होता. ‘‘तिने माझं नाव काढलं होतं का?’’ मी ‘नाही’ म्हणालो. डार्विनच्या रुग्णालयातून कोणालाही कळवू नये अशी तुमच्या बहिणीचीच इच्छा होती, असेही मी सांगितले. त्यावर तुम्ही टोपी डोक्यावर ठेवलीत आणि निघून गेलात. त्यानंतरच्या दहा महिन्यांत आपण एकमेकांशी बोललो नाही. त्या उत्तरात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. रस्त्याच्या परवानगीचा आणि त्या गोष्टीचा परस्परांशी संबंध नसावा, अशी विनंती आहे.

आपला,
ॲम्ब्रोज टिलनी


कुनुनुरा,
रविवार, २२ मे १९९४

प्रिय क्लेमंट,

काल तुम्ही मला आभार मानू दिले नाहीत. ‘‘गप बस आणि दोर धर,’’ एवढेच म्हणालात. दोर धरून झाला आहे, तेव्हा आज आभार मानतो. आम्ही चौघेही सुखरूप घरी पोचलो. ब्रायोनीला शिंका येत आहेत, पण त्या तिला आवडतात.

मुलींनी तुम्हांला धबधब्यांची हकिगत सांगितली, परंतु दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि तुम्ही गाडीखाली होता. त्यामुळे तुम्हांला त्यातले किती समजले असेल याची मला शंका आहे. म्हणून क्रमाने लिहितो.

गुरांच्या औषधाच्या वेष्टनामागे लिहिलेली तुमची परवानगी मला वेळेवर मिळाली होती. ‘फाटकावर वही आहे. लिहून जा.’ त्याप्रमाणे आम्ही तुमच्या फाटकाशी थांबलो, पिंपातील वही काढली आणि मी नाव, गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या व परत फाटकाशी पोचण्याची वेळ लिहिली: पाच वाजता. वहीच्या आधीच्या पानांवर विनिफ्रेडचे अक्षर होते. मी पान लवकर उलटले.

सकाळी गाडी लॉरेल चालवत होती. बटलरच्या ओढ्यात आधी गेलेल्या टायरांच्या खुणा होत्या, त्या धरून तिने गाडी सहज पलीकडे नेली. साडेनऊला आम्ही धबधब्यांपाशी होतो. या वर्षी पाऊस एप्रिलपर्यंत रेंगाळल्यामुळे दोन्ही टप्प्यांना भरपूर पाणी आहे. वरचा टप्पा तांबड्या कड्यावरून सरळ उतरतो, आणि खालचा तीन धारांनी. प्रवाहाचा अंदाज मी करणार होतो, केला नाही.

पाण्यात उतरण्याआधी टेगनने काठावरचा एक दगड उचलला, काखेत घासला आणि डोहात फेकला. ब्रायोनीने तसेच केले. हे त्यांना विनिफ्रेडने शिकवले आणि विनिफ्रेडला, तुम्हांला माहीत आहे, तुमच्या कुरणावरच्या नोराबाईंनी. ते पाणी त्यांच्या लोकांचे, येथल्या मूळ रहिवाशांचे, आहे. आलेल्या माणसाचा वास त्याला आधी कळला पाहिजे. मी एकतीस वर्षे जलखात्यासाठी या भागातील नद्या मोजल्या, या धबधब्यांखाली निदान वीस वेळा उभा राहिलो, परंतु असा दगड मी कधी फेकला नव्हता. मी सावलीत बसून नोंदी करीत असे.

‘‘आजोबा, तुम्ही पण टाका,’’ ब्रायोनी म्हणाली.

‘‘मी पोहणार नाही.’’

‘‘पण बसणार तर आहात ना इथे? मग पाण्याला कळायला नको, कोण बसलंय ते?’’

‘‘बाबा, वरची दोन बटणं काढा,’’ लॉरेल म्हणाली. ‘‘काही होत नाही. इथे खात्याचं कोणी नाही.’’

मी दोन बटणे काढली. दगड फेकला. तो जेमतेम काठापासून एक हात अंतरावर पडला आणि मुलींनी त्याबद्दल माझी बराच वेळ चेष्टा केली. नंतर मी पायमोजे काढून पाय पाण्यात सोडून बसलो. धबधब्याच्या आवाजाशेजारी माणसाला थोडे मोकळे राहता येते, कोणाला ऐकू जात नाही. याहून अधिक लिहीत नाही.

जेवण खारवलेल्या गोमांसाचे सँडविच, उकडलेली अंडी आणि फळांचा केक असे होते. केक लॉरेलने विनिफ्रेडच्या वहीवरून केला होता. तो मधोमध बसला होता. ‘‘आजीचा पण बसायचा,’’ टेगन म्हणाली. ‘‘ती वरून साखर पेरायची, म्हणून कळायचं नाही.’’ अडतीस वर्षे तो केक खाल्ला, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

आता ओढ्याविषयी. परतताना गाडी मी चालवत होतो. ओढ्याच्या काठावर लॉरेल म्हणाली, ‘‘बाबा, सकाळच्याच खुणा धरा.’’ मी तिला सांगितले की त्या खुणा कोणा अनोळखी माणसाच्या आहेत, तर वरच्या बाजूची वाट मी स्वतः १९७९ साली मोजलेली असून तिचा तळ खडकाचा आहे. मोजपट्टीचा खांब पाहिला. पाणी बेचाळीस सेंटिमीटर. गाडीला ते चालते. गाडी आधी पुढे गेली, आणि मग खाली गेली. पंधरा वर्षांत तो खडक ओढ्याने पोखरून नेला होता आणि त्याने तसे कोणाला कळवले नव्हते. तेव्हा तीनला दहा मिनिटे कमी होती.

पाणी दारांतून आत आले. इंजिन बंद पडले. मी मुलींना टपावर चढवले, कारण त्या ओढ्यात मगर नसतेच असे मी लिहून देऊ शकलो नसतो. लॉरेलही चढली, आणि शेवटी मीही. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने गाडीच्या टपावर कसे बसावे यासंबंधी मला काही संकेत माहीत नाहीत. फाटक एकतीस किलोमीटर दूर होते, सूर्य दोन तासांत मावळणार होता आणि प्यायचे पाणी मागच्या सीटखाली, म्हणजे ओढ्याच्या पाण्याखाली, होते. मी मुलींना सांगितले की पाच वाजून गेल्यावर कोणीतरी वही पाहील आणि मग शोध सुरू होईल. ‘‘म्हणजे अंधारात,’’ टेगन म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता. मी तिच्याकडे न पाहता मान हलवली.

आणि चार वाजून दहा मिनिटांनी तुमचा ट्रक वळणावर दिसला.

त्यानंतरचे संभाषण तुम्हांला माहीत आहे, परंतु लॉरेलने ते काल रात्रीच्या जेवणात तीनदा करून दाखवले, तेव्हा ते लिहून ठेवावे असे मला वाटते. तुम्ही काठावर उभे राहून बराच वेळ गाडीकडे पाहिलेत.

‘‘काय प्रोफेसर, नदी मोजतोयस की गाडी धुतोयस?’’

‘‘पाणी बेचाळीस सेंटिमीटर आहे,’’ मी म्हणालो.

‘‘आणि खड्डा?’’

‘‘खड्ड्याची नोंद नाही.’’

‘‘आता झाली. तू बसलायस ना तिच्यावर.’’

‘‘क्लेम आजोबा, पाण्यात मगर आहे का?’’ ब्रायोनीने विचारले.

‘‘असेल. पण तुझ्या आजोबांना कोण खाईल? चामडंच सगळं. तू इकडे ये, मी उचलतो.’’

मी तुम्हांला सांगितले की तुम्ही अपेक्षेपेक्षा लवकर आला आहात. ‘‘लवकर? पाच लिहिलंस वहीत. पाच वाजून चाळीस मिनिटं झालीत.’’ मी घड्याळ दाखवले. चार वाजून दहा मिनिटे. आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियाचे घड्याळ सीमेपलीकडच्या तुमच्या टेरिटरीच्या घड्याळापेक्षा दीड तास मागे असते, हे मी चाळीस वर्षे जाणतो, आणि तरीही वहीत कोणाचे पाच ते लिहिले नव्हते.

‘‘फाटक कोणाचं?’’ तुम्ही विचारलेत. ‘‘माझं. मग घड्याळ पण माझं. विनी दोन्ही वेळा लिहायची. माझी वर, तुझी खाली.’’

दहा महिन्यांत तिचे नाव तुमच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. तुम्ही थांबला नाहीत, दोर फेकलात आणि गप बसायला सांगितलेत.

सूर्य मावळण्यापूर्वी गाडी बाहेर होती. तुम्ही ती तुमच्या ट्रकला बांधून फाटकापर्यंत ओढत आणलीत, प्रत्येक खराब जागी उतरून मागे पाहिलेत, तुमच्या माणसाकडून ती चालू करवलीत, वहीतील आमच्या नावावर रेघ मारलीत आणि हात न मिळवता निघून गेलात. तक्रार म्हणून नव्हे, जसे घडले तसे लिहीत आहे.

वेळ अपुरी लिहिण्याची चूक माझी होती. त्या चुकीमुळे मदत दीड तास लवकर निघाली आणि मुली अंधारात राहिल्या नाहीत. चुकीबद्दल माफी मागावी की तिचे आभार मानावेत, हे मला ठरवता येत नाही.

आपला,
ॲम्ब्रोज टिलनी


कुनुनुरा,
रविवार, २९ मे १९९४

प्रिय क्लेमंट,

मागच्या पत्रातील एक विधान चुकीचे होते. ते दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी लिहिले होते की तुम्ही माझ्या पाच वाजण्याला तुमचे पाच समजलात आणि म्हणून वेळेआधी निघालात. काल सकाळी टेगन तिच्या वडिलांसाठी त्या दिवसाचे चित्र काढत होती. तिने तुमच्या ट्रकमध्ये घोंगड्या, चहाचा मोठा थर्मास आणि पाच कप काढले. मी तिला म्हणालो की चित्रात कल्पना चालते, पण कप बहुधा दोन असतील.

‘‘पाचच होते, आजोबा. एक त्यांचा, चार आपले. फडक्यात गुंडाळलेले. मीच सोडले ना.’’

‘‘मग ते नेहमीच ट्रकमध्ये ठेवत असतील.’’

‘‘चिनी मातीचे? ट्रकमध्ये?’’ ती म्हणाली. ‘‘आणि चहा गरम होता.’’

यावर मी कागद घेऊन बसलो. ओढ्यापासून फाटक एकतीस किलोमीटर. त्या रस्त्यावर तुमचा ट्रक ताशी पस्तीसच्या वर जात नाही, गेला तर मागची फळी उघडते. म्हणजे त्रेपन्न मिनिटे. तुम्ही माझ्या घड्याळाप्रमाणे चार वाजून दहा मिनिटांनी पोचलात, तेव्हा फाटकावरून तीन वाजून सतरा मिनिटांनी निघालात. तुमच्या घड्याळाप्रमाणे पाचला तेरा मिनिटे कमी होती. चहा करण्याचा वेळ मी धरलेलाच नाही.

तात्पर्य, तुम्ही निघालात तेव्हा कोणत्याही घड्याळाप्रमाणे कोणालाही उशीर झालेला नव्हता.

शिवाय, जो माणूस जन्मभर या सीमेवर राहिला आणि ज्याची गुरे दोन वेळांच्या बाजारात जातात, तो वहीतील ‘पाच’ पाहून फसला, हे मी त्या टपावर बसून मान्य केले याचे मला आता आश्चर्य वाटते. गाडीचा क्रमांक पश्चिम ऑस्ट्रेलियाचा, त्यावरूनच घड्याळ कोणते ते कळते.

उशीर होण्यापूर्वीच एखाद्याला शोधायला निघावे, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्या खात्यात त्यासाठी रकाना नव्हता. लॉरेलला हिशेब दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाबा, ते फक्त बघायला निघाले होते हो. तुम्हाला. आणि मग कारण हातात आयतंच मिळालं.’’ नंतर ती म्हणाली, ‘‘तुम्ही दोघंही इतके कठीण का आहात?’’ मी म्हणालो की तुमच्याविषयी मी सांगू शकत नाही.

तुम्हांला आणखी एक पत्र लिहायचे आहे. त्याचे चार खर्डे झाले आणि चारही फाडले. ते पुढील टपालाने पाठवतो. असे लिहून ठेवले म्हणजे मला पाठवावेच लागेल.

आपला,
ॲम्ब्रोज


कुनुनुरा,
सोमवार, ६ जून १९९४

प्रिय क्लेम,

हो. तिने तुमचे नाव काढले होते.

एकदा नव्हे. तीन दिवसांत तीनदा. रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी. बुधवारी पहाटे ती गेली.

कोणाला कळवू नये अशी तिची इच्छा नव्हती. ते वाक्य मी कबरीपाशी उभा असताना तयार केले, आणि एकदा उच्चारल्यावर ते दहा महिने जपले. गेल्या महिन्यातही, रस्त्याची परवानगी मागताना, मी ते तुम्हांला पुन्हा लिहून पाठवले.

कारण सांगतो. ते पुरेसे नाही, हे मला कळते. शुक्रवारी आम्ही डार्विनला गेलो ते तपासण्यांसाठी. रविवारी तिची प्रकृती खालावली. डॉक्टरांनी सांगितले की नक्की काय ते गुरुवारी अहवाल आल्यावर कळेल, काळजी करण्यासारखे आहे, परंतु आज निश्चित काही म्हणता येत नाही. मी असा माणूस आहे की नदीला पूर आला तरी खांबावरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय कोणाला कळवत नसे. खोटी भीती पसरवू नये, असे आम्हांला शिकवले होते. मी ठरवले की गुरुवारी अहवाल हातात आला की तुम्हांला आणि लॉरेलला एकाच वेळी, अचूक, कळवीन. लँटर्न हिलपासून डार्विन सात तासांवर आहे. रविवारी कळवले असते तर सोमवारी सकाळी तुम्ही तिच्या उशाशी असता. सोमवारी कळवले असते तरी. मंगळवारी दुपारी कळवले असते तरीसुद्धा.

अहवाल गुरुवारी आला. तो बरोबर होता.

मंगळवारी संध्याकाळी तिने विचारले, ‘‘क्लेम निघाला का?’’ मी म्हणालो, निघाला आहे. आयुष्यात मी तिच्याशी खोटे बोललो ते एवढेच, आणि त्यामुळे तिला इतका आनंद झाला की मला ते मागे घेता आले नाही. तिने मला केस विंचरून द्यायला सांगितले. मला ते नीट जमले नाही. ती म्हणाली, राहू दे, त्याला कुठे कळतंय.

ती तुमची वाट पाहत गेली, क्लेम. तुम्ही आला नाहीत असे तिला कधी वाटले नाही. तुम्ही वाटेवर आहात, असेच ती समजत होती.

हे सर्व मी शुक्रवारी रात्री लॉरेलला सांगितले. शनिवारी तिचे विमान होते. ती खूप रागावली, आणि विमानतळावर माझ्या कोटाची कॉलर नीट करून म्हणाली, ‘‘त्यांना आजच्या आज लिहा. अहवाल येण्याची वाट बघू नका.’’ आजच्या आज जमले नाही. दोन दिवस लागले.

तुम्ही वेळेआधी निघाला होता, म्हणून मी हे लिहू शकलो. नाहीतर कदाचित कधीच लिहिले नसते. आता तुम्ही माझ्याशी कसे वागावे, याविषयी माझी कोणतीही विनंती नाही.

ॲम्ब्रोज


कुनुनुरा,
सोमवार, २० जून १९९४

प्रिय क्लेम,

शनिवारी तुमचा टेलिफोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात बागेला पाणी घालत होतो. नळ तसाच वाहत राहिला आणि शेजारच्या मिसेस ऑल्डरटन यांनी येऊन बंद केला. माझ्याकडून अशी गोष्ट प्रथमच घडली, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी खिडकीतून पाहिले आणि ‘‘सगळं ठीक ना, मिस्टर टिलनी?’’ असे विचारले. मी म्हणालो की हो, बहुधा ठीक आहे. तसे ‘बहुधा’ लावून मी कधी बोलत नाही.

तुम्ही नमस्कार वगैरे काही केला नाहीत. ‘‘शब्द सांग,’’ म्हणालात. ‘‘तुझे नकोत. तिचे.’’

मी सांगितले. तिन्ही दिवसांचे, क्रमाने. तारेवर नुसता खरखराट होता आणि तुमच्या बाजूला कोणीतरी वासरांना हाकत होते. मग तुम्ही मला एक शिवी दिलीत, जी मी कागदावर लिहू शकत नाही आणि जी मला पूर्णपणे लागू पडते. मग म्हणालात, ‘‘अहवाल! अरे, अहवाल कसला बघतोस गाढवा, ती माझी बहीण होती.’’ मी म्हणालो, हो. तुम्ही म्हणालात, ‘‘जन्मभर विसरणार नाही मी हे.’’ मी पुन्हा हो म्हणालो. मी टेलिफोन ठेवणार होतो. आता काही उरले नाही, असे मला वाटले.

आणि तेव्हा तुम्ही हसलात. आधी मला वाटले खोकला आहे. तुम्हांला सोमवारचे वाक्य आठवले होते. तुम्ही इतके हसलात की तुमच्या मागून कोणा बाईने काय झाले म्हणून विचारले. मलाही हसू आले. मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो. नंतर तुम्ही टेलिफोन ठेवलात, निरोप न घेता.

वीस मिनिटांनी तो पुन्हा वाजला. ‘‘ते सोमवारचं परत सांग.’’ मी सांगितले. काल सकाळी, चर्चच्या आधी, तिसऱ्यांदा: ‘‘प्रोफेसर, बुटांचं आधी म्हणाली की आंघोळीचं?’’ मी सांगितले की आंघोळीचे. ‘‘हां. तसंच म्हणेल ती,’’ तुम्ही म्हणालात, आणि पुढे, जणू त्याच वाक्याचा भाग असल्यासारखे, ‘‘गुरुवारी तिला वर्ष होतंय. इकडे येऊन जेव. नोरा पण येईल. गाडी मात्र दुसऱ्या कोणाला चालवू दे.’’

गुरुवारी येतो. मिसेस ऑल्डरटन यांचा पुतण्या गाडी चालवेल. फाटकाशी तुमच्या घड्याळाप्रमाणे साडेबारा, माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा.

शनिवारी मी जेवलो आणि झोपलो, आणि सकाळी उन्हाने जागा झालो. एवढी झोप मला वर्षभरात लागली नव्हती. हे लिहिण्याचे कारण नाही, पण तुम्हांला कळावे असे वाटले.

टेलिफोनवर सांगितलेले शब्द माणूस पुन्हा सांगताना थोडे बदलतो. ते बदलू नयेत, आणि ते आठवण्यासाठी तुम्हांला माझ्यावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून खाली लिहून देत आहे. हा कागद तुमच्याकडे असू द्या.

रविवार, २० जून १९९३, सायंकाळ. ‘‘क्लेमला कळव. घाबरवू नकोस त्याला, पण कळव.’’

सोमवार, २१ जून १९९३, दुपार. ‘‘क्लेमला सांग, येताना आंघोळ करून ये म्हणावं. आणि बूट बदल. नाहीतर इथल्या बाया त्याला दारातच धरून गुरांच्या डॉक्टरकडे पाठवतील, आणि तो जाईल पण, कारण तिथे त्याची ओळख आहे.’’ (येथे ती हसली. हसताना तिला दम लागला, तरी ती थांबली नाही.)

मंगळवार, २२ जून १९९३, सायंकाळ. ‘‘क्लेम निघाला का?’’ आणि माझ्या उत्तरानंतर: ‘‘मग झालं तर. आता तो आहे.’’

हजर: मी एकटा. यातील एकही शब्द माझा नाही.

ॲम्ब्रोज टिलनी